‘हे चालेल’ची यादी आणि ‘हे चालणार नाही’ची यादी

निफाड तालुक्यातल्या, अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: “1991 च्या सुधारणांनी भारताचा परदेशी व्यापार मोकळा झाला असं पुस्तकात वाचते. मग वडिलांच्या कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद कशी होते? मोकळं नेमकं काय झालं? फक्त जकात कमी झाली का?”

मी 1983 साली पुण्याजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या निर्यात विभागात कारकून म्हणून लागलो. पुढची सगळी वर्षं, आधी नोकरीत आणि नंतर अशिलांसाठी, आयात-निर्यातीचे कागद करण्यातच गेली. त्या अनुभवावरून सांगतो. जकात कमी झाली हे खरं, पण ती दुय्यम गोष्ट. खरा बदल यादीचा होता. आधी सरकार ‘काय आणता येईल’ याची यादी काढायचं आणि यादीबाहेरचं सगळं बंद असायचं. 1992 नंतर ‘काय आणता येणार नाही’ याची यादी निघू लागली आणि उरलेलं सगळं खुलं झालं. कारखान्यांच्या मालासाठी हा बदल मुळापासून झाला. शेतमालाच्या निर्यातीचं दार मात्र बाहेरून कडी लावता येईल असंच राहिलं. तुमच्या वडिलांचा कांदा त्या दाराशी उभा आहे.

आधी जुनी व्यवस्था कशी होती ते पाहू. ती आज कुणाला खरी वाटत नाही.

आयातीवरचं नियंत्रण मुळात दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, बोटींवरची जागा आणि परकीय चलन वाचवायला आलं. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. 1947 चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा त्यातूनच आला. दिल्लीत आयात-निर्यातीचे मुख्य नियंत्रक, मुंबईत त्यांची कचेरी, आणि आमच्या टेबलावर आयात धोरणाचं ‘रेड बुक’. त्यात परिशिष्टामागून परिशिष्टं. अमुक वस्तू बंदी असलेली, तमुक मर्यादित परवान्याची, ही फक्त सरकारी महामंडळामार्फत, ती ‘ओजीएल’वर म्हणजे खुल्या सर्वसाधारण परवान्यावर. आणि ओजीएलवरसुद्धा बहुतेक माल फक्त ‘ॲक्च्युअल यूजर’ला, म्हणजे जो स्वतः वापरणार त्यालाच. घरगुती वापराच्या वस्तू तर जवळपास सगळ्याच बंद. लोक दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून टेपरेकॉर्डर मागवायचे ते याच पुस्तकामुळे.

1986 ची गोष्ट. आखातातल्या एका गिऱ्हाइकाला पंप हवे होते, आणि शाफ्टसाठी एका विशिष्ट प्रतीचं पोलाद त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं. ते भारतात होत नव्हतं. पण ‘होत नाही’ हे आम्ही म्हणून भागत नसे. देशातल्या उत्पादकांना विचारायचं, त्यांचं उत्तर जोडायचं, मग तांत्रिक खात्याने ‘देशी पर्याय नाही’ असा शेरा द्यायचा. ज्या कारखान्याने ते पोलाद कधी केलंच नव्हतं त्याने एका ओळीचं पत्र पाठवलं की ‘आम्ही विकसित करू शकतो’. अर्ज तिथेच आडवा झाला. गिऱ्हाईक पाच महिने थांबलं आणि मग कोरियन कंपनीकडे गेलं. त्या ऑर्डरवर किती परकीय चलन आलं असतं हे कुठल्याच फायलीत लिहिलेलं नव्हतं. वाचवलेले डॉलर तेवढे दिसत, बुडालेले दिसतच नसत.

पुढे आम्हीही शहाणे झालो. निर्यात केली की तिच्या प्रमाणात ‘रेप’ लायसन्स मिळायचं, म्हणजे वापरलेला आयात माल पुन्हा आणण्याचा परवाना. हे लायसन्स विकता यायचं आणि मुंबईत त्यांचा बाजार भरायचा. ज्याला माल आणायचाय त्याने प्रीमियम मोजायचा आणि दुसऱ्याच्या परवान्यावर आणायचा. बंदीची किंमत रोज फोनवरून दलाल सांगायचे: आज इतके टक्के. ही किंमत लक्षात ठेवा, 1991 ची सगळी कल्पना तिच्यावरच उभी आहे.

व्यवस्था सडकी आहे हे दिल्लीला माहीत नव्हतं असं नाही. 1978 साली पी. सी. अलेक्झांडर यांच्या समितीने (हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले) परवाने सैल करायला सांगितलं होतं. 1984 साली अबीद हुसेन समितीनेही साधारण तेच सांगितलं. ऐंशीच्या दशकात ओजीएलची यादी लांबत गेली. पण मूळ नियम तोच राहिला: यादीत असेल तर चालेल. स्वातंत्र्याच्या सुमारास जगाच्या निर्यातीत भारताचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, 1990 पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला. या घसरणीला एकटी परवानापद्धती जबाबदार नाही, पण मोठा हात तिचाच.

1990 च्या ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये शिरला, तेल भडकलं, आखातातून येणारे पैसे आटले, सोव्हिएत संघाशी चालणारा रुपयातला व्यापारही कोलमडत होता. 1991 च्या मध्यावर परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढीच उरली. मे महिन्यात 20 टन सोनं परदेशी विकलं गेलं, जुलैमध्ये जवळपास 47 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण गेलं. सोन्याचीच चर्चा घरोघरी झाली, कारण सोनं गहाण पडणं म्हणजे काय हे प्रत्येक घराला कळतं. आमच्या धंद्यात मात्र त्याहून मोठं काही घडत होतं.

1 जुलै आणि 3 जुलै 1991, असं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर एकवीस रुपयांच्या आसपास होता तो सव्वीसच्या जवळ गेला. दुसरा टप्पा थांबवावा असं पंतप्रधान नरसिंह रावांना वाटलं, अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेत सी. रंगराजन यांना फोन केला, तर तोवर घोषणा होऊन गेली होती. ही हकिगत त्या वर्तुळातल्या अनेकांनी नंतर सांगितली आहे. आणि 4 जुलैला वाणिज्य मंत्री पी. चिदंबरम यांनी नवं व्यापार धोरण जाहीर केलं. अर्थसंकल्प त्यानंतर, 24 जुलैला आला. लोक 24 तारीख लक्षात ठेवतात, निर्यातवाला 4 तारीख.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. निर्यातदारांना सरकारी तिजोरीतून मिळणारी रोख मदत, ‘कॅश कॉम्पेन्सेटरी सपोर्ट’, बंद. आणि रेप लायसन्सच्या जागी ‘एक्झिम स्क्रिप’: जवळपास सगळ्या निर्यातीला एकाच दराने, एफओबी किमतीच्या, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतच्या किमतीच्या, 30 टक्के. आमच्या ऑफिसात पहिली प्रतिक्रिया होती, “मदत काढून घेतली की हो!” मॅनेजरसाहेबांनी पाटीवर हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शंभर रुपयांची निर्यात केली की तीस रुपयांच्या मर्यादित यादीतल्या मालाच्या आयातीचा हक्क हातात येतो. तो कुणालाही विकता येतो. आयातदाराला माल हवा असेल तर त्याने निर्यातदाराकडून हा कागद घ्यायचा. म्हणजे पूर्वी जो प्रीमियम परवाना मिळवणाऱ्याच्या खिशात जायचा तो आता परकीय चलन कमावणाऱ्याच्या खिशात येणार. सरकारचा एक पैसा खर्च होत नाही, उलट मदतीचा खर्च वाचतो. आणि कुणाला किती आयात करू द्यायची हे अधिकाऱ्याने ठरवायचं राहत नाही, देश जेवढं कमावेल त्या प्रमाणात कागद निघतील. मनमोहन सिंगांचा ऑक्सफर्डचा प्रबंधच भारताच्या निर्यातीवर होता आणि वाणिज्य सचिव होते मॉन्टेकसिंग अहलुवालिया. ही कल्पना तीन दिवसांत सुचलेली नव्हती, तयार होती आणि संकटाने तिला दार उघडून दिलं.

पुढच्या पायऱ्या भराभर आल्या आणि प्रत्येक पायरीने आधीची गिळली. मार्च 1992 पासून दुहेरी विनिमय दर: निर्यातीच्या डॉलरपैकी 40 टक्के सरकारी दराने जमा करायचे, 60 टक्के बाजारभावाने विकायचे. स्क्रिपचा प्रीमियम आता डॉलरच्या भावातच मिसळला, म्हणून स्क्रिप रद्द. मार्च 1993 मध्ये दोन दरांचा एक झाला. ऑगस्ट 1994 पर्यंत चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. म्हणजे माल आणायला डॉलर हवा असेल तर बँकेत जा, बाजारभावाने घ्या. परवाना देणाऱ्या कचेरीत जे काम होतं ते बँकेच्या काउंटरवर आलं. या तीन वर्षांत माझ्या टेबलावरचे कागद निम्म्याने कमी झाले.

इथे 1966 आठवल्याशिवाय राहवत नाही. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर नेला, निर्यातीच्या सवलती काढल्या, आयातही थोडी सैल केली. मग दुष्काळ, राजकीय गदारोळ, आणि काही वर्षांत परवाने पुन्हा घट्ट. अवमूल्यन झालं पण परवाना देणारा हात खुर्चीवरच राहिला. 1991 मध्ये ती खुर्चीच हलवली, म्हणून सुधारणा टिकली असं माझं मत आहे.

ऑगस्ट 1992 मध्ये जुना नियंत्रण कायदा जाऊन ‘परदेशी व्यापार (विकास आणि नियमन) कायदा’ आला. मुख्य नियंत्रकांचे परदेशी व्यापार महासंचालक झाले, म्हणजे आजचं डीजीएफटी. 1 एप्रिल 1992 पासूनच्या पाच वर्षांच्या धोरणात नकारात्मक यादी आली. तरी ग्राहकोपयोगी वस्तू त्या यादीत तशाच बसून होत्या, आणखी नऊ वर्षं. परकीय चलनाचा तुटवडा आहे असं कारण आपण जागतिक व्यापार संघटनेत देत होतो. अमेरिकेने त्याला आव्हान दिलं आणि आपण हरलो. मग 1 एप्रिल 2000 ला 714 आणि 1 एप्रिल 2001 ला उरलेल्या 715 वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं, म्हणजे किती आणायचं यावरची बंधनं, उठली. ‘आता चिनी मालाचा पूर येणार’ म्हणून दिल्लीत तीनशे संवेदनशील वस्तूंवर नजर ठेवायला खास वॉर रूम उघडली होती. त्या पहिल्या वर्षी तरी पूर आला नाही.

आता जकातीकडे येऊ. सुधारणांआधी सर्वोच्च दर 355 टक्के होता. जुलै 1991 मध्ये 150, मग 110, 85, 65, 1995 ला 50, आणि 2007 पर्यंत बिगरशेती मालावर 10 टक्के. विद्यार्थी विचारतात, आयातीवरच्या करात निर्यातदाराचं काय जातं? जातं. कच्च्या मालावर, यंत्रावर, सुट्या भागावर जो कर बसतो तो आमच्या पंपाच्या किमतीत जातो, आणि नैरोबीतलं गिऱ्हाईक तो भरायला तयार नसतं. शिवाय आयात अडवली की डॉलरची मागणी घटते, रुपया कृत्रिमरीत्या महाग राहतो, आणि निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागे कमी रुपये मिळतात. आयातीवरचा कर फिरून फिरून निर्यातीवरच येऊन बसतो.

यावर उतारा म्हणून परतावे आले: ड्रॉबॅक (भरलेली जकात परत), ॲडव्हान्स लायसन्स (निर्यातीसाठीचा कच्चा माल जकातीशिवाय), आणि निर्यातीच्या प्रमाणात जकात भरायला वापरता येणारी स्क्रिप देणाऱ्या योजना, 1997 पासून डीईपीबी, 2015 पासून एमईआयएस. स्पष्ट बोलतो. माझ्या काही अशिलांचा नफा मालात नव्हता, डीईपीबीच्या स्क्रिपमध्ये होता. बिल फुगवण्याचा मोह कुणाला होतो हे मी नावं न घेताही तुम्ही ओळखाल. 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने एमईआयएससकट अनेक योजना नियमबाह्य ठरवल्या. गरीब देश म्हणून मिळणारी सूट दरडोई उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्यावर संपली होती. 2021 पासून ‘रोडटेप’ आहे, ज्यात प्रत्यक्ष भरलेले पण परत न मिळणारे कर तेवढे द्यायचे. दर कमी आहेत म्हणून सगळे कुरकुरतात. माझ्या मते ही त्यातल्या त्यात प्रामाणिक योजना आहे.

परिणाम काय झाला? पहिल्या वर्षी उलटाच. 1990-91 मध्ये निर्यात 18.1 अब्ज डॉलर होती, 1991-92 मध्ये 17.9. कारण डॉलर वाचवायला आयात आवळली होती आणि कच्च्या मालाविना कारखाने थंडावले. मग 1993-94 ला 22.2, 1995-96 ला 31.8. 2022-23 मध्ये मालाची निर्यात 451 अब्ज डॉलर झाली. तरी जगातला वाटा दोन टक्क्यांच्या आतच आहे. कपड्यांसारख्या हातांना काम देणाऱ्या धंद्यात बांगलादेश आपल्या पुढे गेला, आणि त्याचं कारण व्यापार धोरणात कमी, कारखान्यांच्या आकारात आणि कामगार कायद्यांत जास्त आहे. तो वेगळा विषय.

आता तुमचा कांदा.

1992 चा जो कायदा मी मोकळेपणाचा म्हणून सांगितला, त्याच्याच कलम 3 मध्ये केंद्र सरकारला कुठल्याही मालाची आयात किंवा निर्यात आदेशाने थांबवण्याचा अधिकार आहे. अधिसूचना राजपत्रात आली की लागू. कांद्याला तीन प्रकारचं कुलूप लागतं. बंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) डीजीएफटी लावतं, निर्यात शुल्क अर्थखातं लावतं. म्हणजे किल्ल्या दोन खात्यांकडे. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क आलं. ऑक्टोबर अखेरीला टनाला 800 डॉलर किमान मूल्य. 8 डिसेंबरपासून सरळ बंदी, आधी 31 मार्च 2024 पर्यंत, मग पुढेही. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात जायच्या आधीच 770 डॉलर. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं, शुल्क निम्मं झालं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य. पावणेदोन वर्षांपेक्षा कमी काळात सहा वेळा नियम बदलले. आमच्या पंपाच्या धंद्यात एवढे बदल वीस वर्षांत झाले नाहीत.

अधिसूचनेत सवलत असते: ज्या मालाचं बोटीवर चढवणं आधीच सुरू झालंय, ज्याचं शिपिंग बिल (कस्टमकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) दाखल होऊन बोट बंदरात लागली आहे, जो माल कस्टमच्या ताब्यात गेलाय, तो जाऊ द्यायचा. कागदावर न्याय्य आहे. पण पिंपळगावातून निघालेला कंटेनर रात्री इगतपुरीच्या घाटात असेल तर तो कुठल्याच कलमात बसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये माझ्या एका अशिलाचे चार कंटेनर न्हावा-शेवाच्या वाटेवरून परत फिरले. माल दुसऱ्या दिवशी देशातल्या बाजारात विकला, तोही पडलेल्या भावाने, कारण बंदीची बातमी माल परत यायच्या आधी लिलावात पोचली होती.

शुल्क कोण भरतं हाही प्रश्न तुमच्या अभ्यासाच्या कामाचा आहे. सरकारजमा ते निर्यातदार करतो, पण दुबई किंवा क्वालालंपूरच्या व्यापाऱ्यापुढे पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा असतो. तो जास्त देत नाही. मग निर्यातदार आपल्या खरेदीच्या भावातून तेवढं वजा करतो. आणि लिलावात भाव पडला की तो फक्त निर्यातीच्या कांद्याचा पडत नाही, सगळ्याच कांद्याचा पडतो. सरकारला हवा असतो तो परिणाम हाच: शहरातला कांदा स्वस्त. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा घेऊन बसलेला शेतकरी हे अनुदान देतो, अर्थसंकल्पात त्याची नोंद कुठेच नाही.

या तीन कुलपांत बंदी सर्वांत वाईट. ती गिऱ्हाईकच घालवते. किमान मूल्याने बिलावर एक भाव आणि खरा दुसरा, अशी चोरवाट तयार होते. शुल्क त्यातल्या त्यात बरं, कारण ते डोळ्यांना दिसतं. तेही आधी जाहीर केलेल्या सूत्राने लागलं पाहिजे: लासलगावचा सरासरी भाव अमुक पातळीच्या वर इतके आठवडे राहिला तर इतके टक्के, खाली आला की आपोआप शून्य. एक्झिम स्क्रिपने अधिकाऱ्याच्या निर्णयाची जागा किमतीला दिली होती, तेच इथे करायचं आहे. कांद्याच्या बाबतीत हे कुणी करत नाही, कारण निर्णय हातात असणं हेच तर हवं असतं.

ही सवय फक्त कांद्यापुरती नाही. 13 मे 2022 ला गव्हाची निर्यात बंद झाली, आणि त्याच्या महिनाभर आधी भारत जगाला गहू पुरवेल अशी भाषा दिल्लीत चालली होती. 3 ऑगस्ट 2023 ला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल अशी अधिसूचना निघाली, ओरड झाल्यावर पुढे ढकलली आणि शेवटी ऑनलाइन अर्जावर मिळणाऱ्या परवानगीवर आली. कच्च्या मालावरचे गुणवत्ता नियंत्रण आदेशही (मानकाचा दाखला नसेल तर माल आणू न देणारे) काही ठिकाणी जुन्या ‘देशी पर्याय’च्या शेऱ्यासारखेच वागतात. तो एका ओळीचा कागद मला तेव्हा हमखास आठवतो.

तुमच्या प्रबंधासाठी एक काम सुचवतो, घरबसल्या होईल. एका रकान्यात लासलगाव बाजार समितीचे रोजचे सरासरी भाव लिहा. शेजारी कांद्याच्या अधिसूचनांच्या तारखा, वारासकट. 29 सप्टेंबर 2019, त्या वर्षीच्या निर्यातबंदीचा दिवस, रविवार होता, 19 ऑगस्ट 2023 शनिवार, 4 मे 2024 पुन्हा शनिवार. मग तिसरा रकाना करा मतदानाच्या तारखांचा: 21 ऑक्टोबर 2019 विधानसभा, 20 मे 2024 नाशिक आणि दिंडोरीत लोकसभा, 20 नोव्हेंबर 2024 पुन्हा विधानसभा. भाव आणि मतदान यांपैकी कुठल्या रकान्याशी अधिसूचना जास्त जुळतात ते मोजा, आणि आकडे जसे येतील तसे लिहा.